कारभाऱ्याला थंडी वाजली नाही

ग्लेन फियारच्या इस्टेटीवर हरणांच्या शिकारीला नवा पाहुणा आला, की त्याच्या हातात आधी बंदूक देत नसत. आधी त्याची बाही चोळून पाहत. हे काम फर्कर मॅथसनचं. पाहुणा मोठा सरदार असो की लंडनचा दाताचा डॉक्टर, फर्कर त्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरायचा, कान जवळ न्यायचा आणि चोळायचा. सरसर आवाज आला की जाकीट खुंटीवर. मग गुडघ्याच्या वर विजार चिमटून पाहायची. ती सुती निघाली तर तीही खुंटीवर.

"हरणाला तुमचं नाव ठाऊक नाही, साहेब," तो म्हणायचा, "पण तुमचं जाकीट त्याला पलीकडच्या उतारावरून ऐकू येतं."

अंगालगत लोकर, तिच्यावर पुन्हा लोकर आणि वरून इस्टेटीचं ट्वीड, जाड लोकरी कापड. सुती कापड घामानं किंवा बर्फानं भिजलं की डोंगरावर वाळत नाही, अंगाला चिकटून राहतं आणि माणसाची ऊब शोषत बसतं. लोकर भिजली तरी ऊब धरून ठेवते. आणि दारातून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, असा फर्करचा नियम होता. दारातच छान वाटलं तर चढावर घाम येणार, आणि वर गेल्यावर वाऱ्यात निश्चल पडून राहायची वेळ आली की तोच घाम गोठवणार. त्याच्याबरोबर वर गेलेला एकही माणूस आजवर गारठून खाली आला नव्हता. हे तो कुणाला सांगत नसे, पण मनातून त्याला याचा अभिमान होता.

फर्कर त्या इस्टेटीचा मागकाढ्या होता. शरद ऋतूत पाहुण्यांना नरांच्या शिकारीला न्यायचं, आणि पाहुणे आपापल्या घरी गेल्यावर हिवाळाभर एकट्यानं माद्या मारायच्या. माद्या कमी केल्या नाहीत तर डोंगरावरचा चारा पुरत नाही आणि वसंत यायच्या आधी सगळा कळपच झिजून मरतो. पाहुण्यांना या कामात रस नसे. त्यात शिंगं नाहीत, भिंतीवर टांगायला काही नाही. थंडी, ओझं आणि रक्त एवढंच. त्याचे वडील हेच काम करत आणि याच घरात राहत. घर दगडी, ओल धरणारं, आणि तेही इस्टेटीचं. नोकरी संपली की घर सोडायचं. मात्र पेन्शनीपर्यंत टिकलेल्या माणसाला नदीकाठची छोटी बंगली मरेपर्यंत मिळायची, असा तिथला जुना रिवाज. फर्करला पेन्शनीसाठी दोन हिवाळे काढायचे होते.

अडचण त्याच्या हातांची होती. काही वर्षांपासून थंडीत त्याची बोटं पांढरी पडत. आधी टोकं, मग पेरं, मग अख्खी बोटं मेणबत्त्यांसारखी. त्यांना स्पर्श कळेना, पकड राहीना. त्याची बायको डोलिना हिनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तट्टांच्या तबेल्यात दोन्ही हात काखेत खुपसून, डोळे मिटून उभा होता.

"किती दिवस चाललंय हे?" तिनं विचारलं.

"कसलं काय? तट्टाशी बोलत होतो."

"तट्टू तुला पेन्शन देणार आहे का? दाखव हात."

तेव्हापासून ती कामाला लागली. शेजारच्या धनगराकडून तिनं न धुतलेली, मेंढीच्या अंगचं तेल तसंच असलेली लोकर आणली, कातली आणि तिची एक जाड बनियन विणली. गळ्यापासून मांडीपर्यंत लांब. त्याच लोकरीचे मनगटपट्टे विणले, कोपरापासून तळव्याच्या अर्ध्यापर्यंत येणारे, बोटं मोकळी ठेवणारे. मनगटातून रक्त गरम गेलं तर बोटं तग धरतील, असं तिचं म्हणणं. पहिल्यांदा ते घालून फर्कर वर गेला आणि संध्याकाळी आला तेव्हा त्यानं स्वतःच्या हातानं बुटांचे बंद सोडले. डोलिना ते पाहत होती; मग चुलीकडे तोंड करून बसून राहिली.

त्या जानेवारीत इस्टेटीचा नवा कारभारी लॉकहार्ट एडिनबराहून आला. पस्तिशीचा, नीटनेटका, आवाज न चढवणारा माणूस. मालकांच्या वतीनं हिशेब, कुंपणं, छपरं पाहत फिरला, आणि जायच्या दोन दिवस आधी म्हणाला, "मॅथसन, उद्या मी तुमच्याबरोबर वर येतो. माद्यांचं काम कसं चालतं ते एकदा पाहायचंय."

काय पाहायचंय ते सगळ्या दरीला ठाऊक होतं. म्हाताऱ्याला अजून झेपतं का, एवढंच.

सकाळी फर्कर घरातून निघाला तेव्हा बनियन आणि मनगटपट्टे त्याच्या अंगात होते. आज हात साथ देतील अशी त्याला खात्री होती. मालकांच्या मोठ्या घरामागच्या, कपडे वाळवायच्या खोलीत लॉकहार्ट तयार होऊन उभा होता. अंगात निळंशार, फुगीर, नवंकोरं जाकीट.

"हे हिमालयात जाणाऱ्यांसाठी बनवलेलं आहे म्हणे," तो जरा अभिमानानं म्हणाला.

"मग ते हिमालयातच घाला, साहेब," तट्टूवाला टॉर्मोद कोपऱ्यातून म्हणाला. "तिथल्या हरणांना कमी ऐकू येत असेल."

लॉकहार्ट हसला. माणूस वाईट नव्हता. फर्करनं बाही चोळली आणि जाकीट खुंटीवर गेलं. विजार गेली. जुन्या मालकांचा ट्वीडचा कोट आणि गुडघ्याखाली बांधायची विजार बंदुकांच्या खोलीत होती, ती अंगाला बेतल्यासारखी बसली.

"आत काय आहे, साहेब?"

"शर्ट. आणि बनियन."

"सुती?"

"असेल. बायको घेते. का?"

फर्करनं कपाट उघडलं आणि तसंच बंद केलं. पाहुण्यांसाठीचे लोकरीचे कपडे तिथे असत. पण दोनच दिवसांपूर्वी गारठ्यानं पाण्याचा पाइप फुटून सगळं कपाट भिजलं होतं. दोरीवर टांगलेले कपडे अजून ओलेच होते, शेगडी आज कुठे नीट पेटली होती. कोरडी अशी जास्तीची लोकर त्या घरात एकाच माणसाच्या अंगावर होती.

तो बाहेर आला. टॉर्मोद त्याच्या मागोमाग आला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्या दोघांनी सारं आयुष्य एका ओझ्याची दोन टोकं धरण्यात घालवलं होतं.

"सरळ सांग त्याला," टॉर्मोद म्हणाला. "कपडे ओले आहेत, आज नाही जमणार."

"उद्या तो जातोय. मालकांना काय सांगेल? म्हाताऱ्यानं पाइपाचं निमित्त काढलं."

"मग जाऊ दे तसाच. दुपारपर्यंत त्याचे दात वाजायला लागले की स्वतःच म्हणेल, चला घरी. तुझे हात झाकलेलेच राहतील."

फर्करनं चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"बघतोस काय? मला काय डोळे नाहीत? चहाचा कप तू दोन्ही हातांनी धरतोस ते काय देवाची प्रार्थना म्हणून?"

"सुती कपड्यांत माणूस वर नेऊ? आज वारा उत्तरेचा आहे."

"हा पाहुणा नाही, फर्कर. हा तुझं घर घ्यायला आलाय."

"डोंगरावर पाहुणाच."

"मूर्ख आहेस. तुझा बापही असाच मूर्ख होता, पण त्याचे हात तरी धड होते."

फर्कर बंदुकांच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगात नुसता नेहमीचा जुना, विटलेला लोकरी सदरा आणि वर ट्वीड होतं. हातावर ती बनियन आणि मनगटपट्टे.

"हे अंगालगत घाला, साहेब. खाली दुसरं काही नको."

लॉकहार्टनं बनियन हातात घेतली. "अरे, गरमच आहे की! शेगडीवर ठेवली होती वाटतं?"

"हो, साहेब."

टॉर्मोदनं तट्टाचा पट्टा इतक्या जोरात ओढला की तट्टानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

चढ सुरू झाला. बर्फ कडक झालेला, त्याच्यावर पावलं रुतत नव्हती. खालच्या खिंडीत टॉर्मोद तट्टासह थांबला आणि दोघं पुढे गेले. लॉकहार्ट दमाचा होता, मागे राहत नव्हता, बडबडत नव्हता. फर्करला तो आवडूही लागला, आणि तेच त्याला नकोसं वाटत होतं. बेन डोरख डोंगराच्या खांद्यावर पोचल्यावर फर्कर पालथा पडला आणि दुर्बीण लावली. खालच्या वाटीसारख्या खोलगट भागात माद्या बसल्या होत्या. रवंथ करत होत्या. बसलेल्या हरणावर गोळी झाडत नाहीत, उठेपर्यंत वाट पाहायची. ते दोघे सरपटत गोळीच्या टप्प्यात आले आणि एका दगडाआड बर्फात पडून राहिले.

माद्या उठेनात.

वारा अंगावरून जात नव्हता, अंगातून जात होता. फर्करचा सदरा चढावर किंचित भिजला होता, आता पाठीला बर्फाचा पत्रा लावल्यासारखं वाटत होतं. त्यानं एक हात काखेत घातला, मग दुसरा. हातमोजे जाड होते, पण बोटांपर्यंत ऊब आणणारं रक्तच आत येत नव्हतं. आधी टोकं दुखली. दुखतायत तोवर ठीक, त्याला माहीत होतं. मग दुखायचं थांबलं.

"काय शांत आहे," शेजारी लॉकहार्ट कुजबुजला. त्याचे गाल लाल झाले होते, डोळे चमकत होते. "इथे माणूस दिवसभर पडून राहील."

फर्करनं मान हलवली. ओठ हलवायला त्याला कष्ट पडत होते.

शेवटी कडेची एक मादी उठली. अंग ताणलं. तिच्यामागे तिचं पाडस उठलं, गेल्या उन्हाळ्यातलं, अजून केसाळ. मादी म्हातारी होती, कंबरेची हाडं दिसत होती. या हिवाळ्यातून ती निघाली नसती. तिला घ्यायचं ठरलं, म्हणजे पाडसालाही घ्यायचं. हा नियम मोडत नाहीत. आईविना राहिलेलं पाडस जानेवारीत कळपही जवळ घेत नाही, ते चारा शोधू शकत नाही, आणि उपाशी मरायला त्याला बरेच दिवस लागतात. आधी आई, मग लगेच पाडस. आई पडली की पाडस गोंधळून क्षणभर तिच्याजवळच उभं राहतं. त्या क्षणात बंदुकीची खिट्टी ओढून नवं काडतूस आत घ्यायचं आणि दुसरी गोळी झाडायची. फर्करनं हे इतक्या वेळा केलं होतं की त्याला त्याचा विचार करावा लागत नसे.

त्यानं उजवा हातमोजा दातांनी काढला. बोट बंदुकीच्या चापावर ठेवलं. ते तिथे आहे की नाही हे त्याला डोळ्यांनी पाहावं लागलं.

गोळी सुटली. मादी जागीच खाली बसली. कळप उधळला. पाडस थांबलं. फर्करनं खिट्टी मागे ओढली, पुढे ढकलली, नेम धरला आणि चाप ओढला.

नुसता टक असा आवाज झाला. खिट्टी पुरती मागे गेलीच नव्हती. बोटं तिच्यावरून घसरली होती आणि त्याला ते कळलं नव्हतं. त्यानं पुन्हा ओढली, या वेळी तळव्यानं, एखादं दार ढकलावं तशी. तोवर पाडस कड्याच्या कडेनं पळत होतं. मग ते दिसेनासं झालं.

लॉकहार्टनं ते पाहिलं. त्यानं फर्करचा उघडा हातही पाहिला. 

ते मादीपाशी गेले. फर्करनं सुरी दोन्ही हातांत धरून तिचं पोट उघडलं, आणि आतडी काढायला हात आत घातले. आत गरम होतं. हातांत जीव परत यायला लागला, आणि तो येताना बोटांत तापल्या सुया टोचल्यासारखं दुखलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. काम संपलं होतं तरी तो हात बाहेर काढेना. लॉकहार्टनं तोंड फिरवलं आणि दरीकडे पाहत उभा राहिला.

मग पाडस शोधणं. अंधारून येईपर्यंत दोघं फिरले. खुरांच्या खुणा कड्यापलीकडच्या खडकांत हरवल्या.

"मला काही त्रास नाही," लॉकहार्ट परत परत म्हणत होता. "आणखी शोधू या. खरंच. मला थंडी वाजत नाहीये."

अंगणात उतरल्यावर टॉर्मोदनं तट्टावरून मादी उतरवली. लॉकहार्ट आत जाऊन कपडे बदलून आला. घडी घातलेली बनियन त्यानं फर्करच्या हातात दिली.

"अप्रतिम आहे. खरं सांगू, मॅथसन? जानेवारीत इथे वर माणूस गोठत असेल अशी माझी कल्पना होती. तसं काही नाही. चढताना तर मला उकडत होतं." मग तो थांबला. बोलायचं त्याला जड जात होतं, हे स्पष्ट दिसत होतं. "म्हणूनच... आजच्यासारख्या दिवशी तुमचे हात असे होत असतील, तर खरोखरच्या थंडीत काय होईल? मालकांना मला खरं तेच सांगावं लागेल. मेअखेरपर्यंत घर तुमचंच. नवा माणूस त्यानंतर येईल."

"आजच्यासारख्या दिवशी!" टॉर्मोद पुढे सरसावला. "अहो साहेब, तुमच्या अंगात..."

"टॉर्मोद," फर्कर म्हणाला. "तट्टाला पाणी दाखव."

घरी त्यानं डोलिनाला सगळं सांगितलं. ती उभीच होती. बनियन तिच्या हातात होती.

"तू त्याला ही दिलीस."

"त्याच्या अंगात सुती होतं."

"असू दे की! आणि वर तो तुला सांगतो, थंडी नव्हती म्हणून? मी जाते आत्ता. सांगते त्याला, कुणाच्या लोकरीत बसून त्यानं तुझी परीक्षा घेतली ते."

"काय सांगशील? ही अंगात असती तर माझे हात आणखी थोडा वेळ टिकले असते, एवढंच ना?"

"तेवढाच वेळ पुरला असता!"

"आज पुरला असता," फर्कर म्हणाला. "वर एक पाडस आहे, डोलिना. मला सध्या फक्त त्याची काळजी आहे."

सकाळी उजाडता उजाडता तो एकटा वर गेला. जाताना तिनं त्याला बनियन घातली, मनगटपट्टे चढवले, लहान मुलाला चढवावेत तसे. तो दृष्टीआड झाल्यावर तिनं कोट घातला आणि मोठ्या घराकडे गेली.

लॉकहार्ट गाडीत सामान ठेवत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. पाइप, कपाट, बंद दार, न धुतलेली लोकर. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"त्यांनी मला सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

"सांगणारा माणूस तो नाही. सांगणारा असता तर त्यानं ती दिलीच नसती, आणि तुम्ही काल गारठून अर्ध्या वाटेतून परत आला असता."

"मला वाईट वाटतं, मिसेस मॅथसन. मनापासून. मी मालकांना हेही सांगेन, अगदी असंच. त्या बंगलीबद्दलही विचारून पाहीन, पण नवा माणूस आला की ती त्याच्या मदतनिसाला लागणार, तेव्हा आशा लावत नाही." त्यानं गाडीचं दार धरून ठेवलं होतं. "पण मला एक सांगा. ती बनियन अंगात असताना पुढच्या जानेवारीत, त्याच्या पुढच्या जानेवारीत, तुम्ही त्यांना बंदूक घेऊन एकटं वर पाठवाल? निश्चिंतपणे?"

डोलिनानं वर पाहिलं. डोंगराच्या खांद्यावर एक काळा ठिपका चढत होता, मधेच थांबत होता. ती त्याच्याकडे पाहत राहिली. लॉकहार्टनं हॅट काढून निरोप घेतला.

फर्कर दुपारी आला. पाडस त्याच्या खांद्यावर होतं. आई पडली होती त्याच जागी, रक्तानं काळवंडलेल्या बर्फाजवळ ते रात्रीतून परत येऊन उभं राहिलं होतं. पळालं नाही. एका गोळीत काम झालं. त्यानं ते शेडमध्ये टांगलं, हात धुतले आणि आत येऊन बसला.

"गेली होतीस ना?" त्यानं विचारलं.

"गेले होते."

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

डोलिनानं त्याच्यापुढे सूप ठेवलं आणि समोर बसली. "पेगीला लिहायला हवं," ती म्हणाली. पेगी ही तिची बहीण, इन्व्हर्नेसला राहायची. "तिच्या वरच्या खोलीत आपला पलंग मावतो का, विचारते. नाहीतर तो इथेच ठेवावा लागेल."

फर्करनं चमचा उचलला. "तिचा जिना अरुंद आहे," तो म्हणाला. "पलंग नाही जायचा."